जाड्या पोराचा भाव

माठाची जुडी उचलून भाव विचारला की ती आधी गिऱ्हाइकाच्या पाठीमागे बघायची. "पोर खुटं हाय तुजं? पुढं कर, मगे भाव सांगतंय."

रत्नागिरीच्या शनिवारच्या बाजारात कडेला बसणारी ही बाई तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आतल्या गावातून पहिल्या एसटीने यायची. माठ, मुळा, पडवळ, शेवग्याचा पाला, सगळं स्वतःच्या मळ्यातलं. पोर समोर आलं की त्याचा दंड चिमटीत धरायची, डोळ्याखालची कातडी ओढून आत बघायची आणि मग भाव ठरवायची. पोर सुकलेलं असेल तर निम्मा, गुटगुटीत असेल तर पुरा. गणपतीपुळ्याला निघालेल्या गाडीवाल्यांना पुऱ्याच्याही वर. कोणी वाद घातलाच तर म्हणायची, "जाड्याच्या पैशात बारक्याचं भागतं. तुजं वाळव, तुला पन देतंय."

ऐकायला हे छान वाटतं. पण निम्मा भाव ती साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा सांगायची. कोळीवाड्यातल्या बायका तो निमूट घ्यायच्या. त्यांना दुसरा इलाज नव्हता.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी चार वर्षांची मुलगी बरोबर होती. बाईने मुलीचा दंड धरला आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "हिला घरात जेवाण घालतास, का नुसतं दाखवतास?" आजूबाजूचे हसले. त्यांत माझ्याच बँकेतले एकजण होते. निम्म्या भावात पिशवी काठोकाठ भरून मिळाली. घरी येताना मुलगी रस्ताभर स्वतःचा दंड बघत होती.

पुढच्या शनिवारी मी तिला घरी ठेवलं आणि शेजारचा गोलमटोल मुलगा आइस्क्रीमचं आमिष दाखवून नेला. बाईने त्याचा गाल ओढला, पुरा भाव लावला आणि म्हणाली, "बापूस शोभतोस." मला बरं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते. तेवढ्याच पैशांत निम्म्या जुड्या आल्या. बायकोला सांगितलं, भाजी महागली. ज्या पोरीसाठी भाजी आणायची, तिच्याच ताटातला माठ त्या दिवसापासून निम्मा झाला.

ही युक्ती मी एका शेजाऱ्याला सांगितली, त्याने दुसऱ्याला. आमच्या इमारतीत काटकुळी मुलं बरीच होती आणि बापांना अब्रूही बरीच होती. तो गुटगुटीत मुलगा दर शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या स्कूटरवर बाजारात जाऊ लागला.

शेवटी एका शनिवारी इमारतीतला एक शेजारी आणि मी, असे आम्ही दोघे बाप एकाच वेळी तिच्यासमोर आलो. तो गुटगुटीत मुलगा शेजाऱ्याच्या हाताला होता आणि मी मागे उभा. बाईने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "ह्या पोराला बापूस किती?"

बाजार खदखदून हसला. त्या बिचाऱ्या मुलाच्या आईला पुढे किती दिवस टोमणे खावे लागले, ते मी जिन्यात ऐकत होतो. बाई मात्र हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आनी तुजी ती बारकी? पुरलास काय तिला?"

त्यानंतर आमच्यापैकी कोणीच तिच्याकडे गेलं नाही. बाईला बोलायची रीत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. पाकिटांवर किंमत चिकटवलेल्या दुकानातून भाजी आणू लागलो. तिथे मुलाकडे कोणी बघत नाही. आमच्या पुऱ्या भावावरच कोळीवाड्याचा निम्मा भाव चालत होता, हे पगारदार माणसांच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि आम्ही ते बोललो नाही.

काही आठवड्यांनी त्या बाजूने जात होतो. तिची टोपली भरलेली होती, माठ माना टाकून पडला होता. एक कोळीण कडेवर पोर घेऊन उभी होती. पोराचं डोकं मोठं आणि पाय काड्यांसारखे. बाईने खाली बघतच पुरा भाव सांगितला. कोळणीला वाटलं, चुकून सांगितला असेल. ती म्हणाली, "आज्ये, ह्याच्याकडे बघ तरी."

बाई जुडीची दोरी सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"नको गो बाय," ती म्हणाली. "बघितलंव तर द्यायला लागंल."

कोळणीने हातातली जुडी टोपलीत परत ठेवली. त्या शनिवारनंतर बाई बाजारात दिसली नाही.