अर्ध्यावर अडकलेला काटा

पप्पांकडून गाडीची चावी मी काढून घेतली, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "एकदा मागची सीट काढून टाकी बघू दे. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर हुता, मी बघितलाय." मी म्हणाले, "पप्पा, आता राहू द्या." चावी पर्समध्ये टाकली आणि शिकवायला शाळेत निघून गेले.

पप्पा भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि तिचं सगळं काम घरीच केलं. पण वर्षभरापासून ते विसरायला लागले होते. एकदा गॅस चालूच राहिला. एका रविवारी चर्चमध्ये बायबलचं वचन वाचायला उभे राहिले आणि तेच वचन दोनदा वाचून खाली बसले. कुणी काही बोललं नाही. आम्हीही घरी तो विषय काढला नाही.

गेल्या एप्रिलमध्ये पुणतांब्याहून फोन आला, की मामा फार दिवस काढणार नाही. आईचा हा एकुलता एक भाऊ. माझ्या शाळेत परीक्षा सुरू होत्या, म्हणून पप्पाच आईला घेऊन निघाले. राहुरी मागे पडली आणि गाडी भर दुपारी रस्त्यात बंद पडली. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. आईला शुगर आहे. उन्हात तासभर बसून तिला चक्कर आली. शेवटी दुधाच्या एका टेम्पोवाल्याने दोघांना राहुरीच्या दवाखान्यात आणून सोडलं. आईला सलाईन लावलेलं असतानाच, संध्याकाळी, मामा गेला.

आई पप्पांवर ओरडली नाही. तिने फक्त बोलणं कमी केलं. जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, आणि काही विचारलं तर हो-नाही एवढंच. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "ते पेट्रोल भरायला विसरले आणि आता काटा-बिटा सांगतात. चावी काढून घे, ताई. उद्या कुणाच्या अंगावर गाडी घालतील." मला ते पटलं. पटायला फार वेळ लागला नाही, हे मला आज जास्त टोचतं.

तीन महिने गाडी दारात उभी होती. पप्पा सकाळी तिच्यावरची धूळ पुसायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. जुलैत मला शाळेच्या कामासाठी संगमनेरला जायचं होतं. एसटीचा वेळ जमेना, म्हणून मी गाडी काढली. निघताना काटा पाहिला. अर्ध्यावर. लोणीच्या पुढे गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती थांबली. मी चावी पुन्हा फिरवली. काटा सावकाश वर आला आणि अर्ध्यावर जाऊन थांबला. गाडी काही सुरू झाली नाही.

दोन मोटरसायकलवाले थांबले, त्यांनी बाटलीतून पेट्रोल आणून दिलं. "मीटर बिघडलाय, मॅडम," एकजण सहज बोलून गेला. संगमनेरचं काम कसं उरकलं, ते मला आठवत नाही.

घरी येऊन लगेच सांगायला हवं होतं. मी दोन दिवस गप्प राहिले. गाडी आधी गॅरेजला दाखवली. तिथला मेकॅनिक म्हणाला, "पुढचा सगळा मीटरच बदलावा लागेल." तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, मी पप्पांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"पप्पा, माझ्या हातात असताना पण गाडी बंद पडली. काटा अर्ध्यावरच होता. तुमचं खरं होतं."

ते बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मग ते उठले. "पाना आन. आन् चारी दारं उघड, पेट्रोलची वाफ कोंडंल. मोबाईल घरात ठेव."

मागची सीट निघाली. तिच्याखाली पत्र्याचं एक झाकण होतं, झाकणाखाली टाकीचं तोंड आणि त्यातून वर आलेली एक वायर. पप्पांनी ती सोडवली. मला पुढे बसवून चावी फिरवायला सांगितली आणि वायरचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं.

"काय करतोय काटा?"

"वर चाललाय. पूर्ण भरल्याच्या खुणेपर्यंत गेला."

"म्हंजे मीटर बरोबर हाय. वायरबी बरोबर हाय. तो मेकॅनिक न बघता बोलला. दोष टाकीत हाय."

टाकीतला तरंगणारा गोळा त्याच्या दांड्यासकट त्यांनी बाहेर काढला, पेट्रोल निथळू दिलं आणि बोटाने हळूहळू वर-खाली केला. वर नीट जायचा. खाली येताना मधेच अडकायचा.

"हे बघ. दांडा वाकलाय, हितं घासतोय. पेट्रोल खाली गेलं तरी गोळा हितंच बसून राहतोय." ते माझ्याकडे बघून हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. मी म्हणाले, "पप्पा, मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"असू दे," ते म्हणाले. हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "आजच बशीव हे. उद्या पुणतांब्याला जायचंय न्हवं? तुझा मामा वाट बघत आसंल."

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. काट्याचंही आणि हेही. ती पायऱ्या उतरून आली आणि गाडीच्या उघड्या दारापाशी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो, तो एप्रिलमध्येच गेला," ती म्हणाली. "आपण रस्त्यात होतो तेव्हा. तुमची चूक नव्हती."

पप्पा गाडीच्या दारातच बसले आणि रडायला लागले. आजच बातमी कळावी तसे. आईने त्यांचे पेट्रोलचे हात तसेच आपल्या हातात घेतले. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तेव्हाच का नाही गं बघितलंस?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नगरच्या दुकानातून दांड्यासकट नवा गोळा आणून मी तो बसवून घेतला. आता काटा बरोबर चालतो. भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तरीपण चावी देऊ नकोस." यावेळी आम्ही पप्पांना डॉक्टरांकडे नेलं, ते आधीच करायला हवं होतं. गाडी चालवू नये, असं डॉक्टरांनीही सांगितलं. म्हणजे चावी काढून घेतली ते बरोबरच होतं, असं लोक मला समजावतात. मी मान हलवते. पण ज्या गोष्टीसाठी ती काढून घेतली, ती त्यांनी केलीच नव्हती. आई आता त्यांच्याशी खूप बोलते. मामाची आठवण काढून त्यांनी विचारलं, की तो गेल्याचं दरवेळी नव्याने सांगते, आणि सांगताना गाडीचा विषय टाळते.