किल्ल्याच्या जिन्यात सुटलेली संकष्टी

हॅरोच्या स्टेशनवर समीरनं माझी बॅग मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात ठेवली, पण हँडल काही सोडेना.

"आई, यूस्टनपर्यंत येतो ना मी."

"आलास तर पैज तिथेच संपली," मी म्हटलं.

पैज अशी होती. हे जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी हॅरोच्या घरी एकटी राहते. गेल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये जरा पाय घसरला, आणि लेकानं धोशाच लावला, "वॉटफर्डला आमच्याकडे ये, हे घर विकून टाकू." त्याचं काही चुकत नव्हतं. पण ज्या घरात मी त्रेचाळीस वर्षं कढीपत्त्याचं झाड खिडकीत जगवलं, ते असं एका घसरण्यापायी सोडायचं? मी म्हटलं, पाच दिवस एकटी वेल्सला फिरून येते. तुला एकही फोन आला नाही, तर वर्षभर घराचा विषय काढायचा नाही. आलाच, तर तू म्हणशील ते.

सहलीच्या फॉर्मवर एक चौकट होती: अडचण आल्यास कुणाला कळवायचं? मी समीरचा नंबर लिहिला, आणि मनात म्हटलं, राहू दे आपला तिथेच.

चेस्टरला उतरले तर बाहेर एक हिरवी मिनीबस उभी. आम्ही प्रवासी आठ, आणि बस चालवणारी, किल्ले दाखवणारी, बॅगा उचलणारी सगळं एकच, रिआन नावाची चाळिशीतली वेल्श बाई. "क्रॉयसो!" (या, स्वागत असो!) म्हणत तिनं माझा हात असा दाबला की बांगड्या वाजल्या. माझ्या शेजारच्या सीटवर शीला म्हणून लीड्सच्या बाई होत्या. नाव ऐकून मी हरखले. म्हटलं, आमच्याकडची दिसतेय! पण बाई चांगल्या गोऱ्या, पांढऱ्या बॉबकटच्या. चाळीस वर्षं नर्स होत्या. लीड्सकडची माणसं अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात. पहिल्याच वळणावर "खिडकी हवी का, लव्ह?" म्हणाल्या, तेव्हा मी लाजलेच.

पहिला किल्ला समुद्राकाठचा, धिप्पाड, आठ बुरुजांचा. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. रिआन मात्र म्हणाली, "हा आम्हाला धाकात ठेवायला इंग्रजांच्या राजानं बांधला. आमच्या माणसांनी बांधलेला उद्या दाखवते. तो लहान आहे, पण आमचा आहे." माझं माहेर साताऱ्याचं. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. किल्ला कुणाचा, कुणी घेतला, कुणी परत घेतला, यावर आमच्याकडे जेवताना भांडणं व्हायची. तेव्हा तिचं हे बोलणं मला अगदी घरचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो लहान किल्ला पाहिला. डोंगरावर दोन पडक्या भिंती, मेंढ्या आणि वारा, एवढंच. पण रिआन तिथे पोचल्यावर आवाज खाली करून बोलली, देवळात बोलावं तसं. मला तो मोठ्यापेक्षा जास्त आवडला. संध्याकाळी एका पबमध्ये जेवण होतं. आता सांगते, इतकी वर्षं या देशात काढली, पण पबचा उंबरा मी ओलांडला नव्हता. हे ड्यूटी संपल्यावर हॉस्पिटलच्या मित्रांबरोबर जायचे, आणि मी घरी फुगून बसायचे. माझ्या डोळ्यासमोर सगळा धिंगाणाच असायचा. आत पाहते तर काय, शेकोटीपुढे कुत्रा झोपलेला, एक आजीबाई स्वेटर विणतायत, दोघे म्हातारे शब्दकोड्यावर वाद घालतायत. आमच्या साताऱ्याच्या गल्लीतल्या कट्ट्याला छप्पर घातलं की झालं पब. मनातल्या मनात ह्यांना म्हटलं, अहो, एकदा मलाही न्यायचं होतं की.

तिसरा दिवस संकष्टीचा होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. मला डायबिटीस आहे. उपास बंद करा असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं. समीर शेजारीच बसला होता. मी "हो" म्हटलं, आणि घरी येऊन उपास चालूच ठेवले. एकटीच राहते, कोण बघतंय? त्या दिवशीही सकाळी सवयीनं गोळी घेतली, वर नुसता काळा चहा. राजगिऱ्याचे लाडू आणले होते, ते बॅगेत राहिले, आणि बॅग बसच्या पोटात. रिआनला सांगून काढून घेता आले असते. पण मग "का?" विचारलं असतं, आणि शेजारी नर्स बसलेली!

दुपारी टीरूमला थांबलो. लेसचे पडदे, फुलाफुलांच्या कपबशा, आणि मालकीणबाईंची "पॅनाड?" (कपभर चहा घेणार ना?) अशी प्रेमळ विचारणा. सोबत बारा ब्रीथ आला. चहात भिजवलेल्या मनुका घातलेला हा गोड पाव, जाड कापून वर लोणी लावतात. सगळे तुटून पडले. मी माझा तुकडा कागदी नॅपकिनमध्ये बांधून पर्समध्ये टाकला. शीलाबाईंनी पाहिलं.

तिथून नदीच्या मुखावरचा किल्ला. त्याच्या बुरुजाचा जिना गोल गोल वर चढणारा, पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या, आणि धरायला भिंतीला बांधलेला जाड दोर. रिआननं खालीच नियम सांगितला, "जिना एका माणसापुरता आहे. समोरून कुणी आलं, तर उतरणाऱ्यानं भिंतीला टेकून थांबायचं, चढणाऱ्याला जाऊ द्यायचं." मी सगळ्यांच्या पुढे. लहानपणी अजिंक्यतारा धावत चढलेली बाई मी, मला काय सांगता!

वर पोचले. समुद्र, नदी, होड्या सगळं दिसलं. उतरताना मात्र अर्ध्या वाटेत तो दोर हातातून सरकायला लागला. आधी वाटलं, दोरच ओला आहे. मग कळलं, तळहाताला घाम सुटलाय. पाय कापायला लागले. भिंतीत एक अरुंद खिडकी होती, तिच्या कट्ट्यावर मी बसले. मागून शीलाबाई येत होत्या. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, मनगट धरलं आणि विचारलं, "डायबिटीस?"

मी मान हलवली.

"कधी खाल्लंस?"

"काल रात्री."

"पर्समध्ये तो केक आहे ना? काढ."

"तो नाही चालत. आज माझा उपास आहे."

"कसला उपास?"

खोटं बोलायलाही अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, "मुलासाठी. तो दीड वर्षाचा असताना खूप आजारी पडला होता. वाचतो की नाही अशी वेळ होती. तेव्हा हा नवस बोलले होते."

शीलाबाईंनी नॅपकिन सोडलं, तुकडा मोडला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "मग मुलासाठीच खा, लव्ह."

खाल्ला. गव्हाचा पाव, वर लोणी, दुपारी तीन वाजता. इतक्या वर्षांत एक संकष्टी चुकली नव्हती. तापानं फणफणले तेव्हा नाही, हे गेले त्या महिन्यातसुद्धा नाही. ती वेल्समधल्या एका जिन्यात, परक्या बाईच्या हातून सुटली. खालून दोन पोरं धडधडत वर आली आणि आम्हाला "थँक्यू, थँक्यू" म्हणत पुढे गेली. त्यांना वाटलं, आम्ही नियम पाळतोय.

दहा मिनिटांत मी ठीक झाले. पण बसपाशी रिआन हातात फोन घेऊनच उभी होती. "मला तुमच्या मुलाला कळवायला हवं. आमचा नियम आहे."

मी तिच्या हातापाया पडायचीच बाकी राहिले. पैज काय आहे ते सांगितलं, घर सांगितलं, कढीपत्ता सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी नाइन (आजी) डोंगरावरच्या घरात एकटी राहायची. आम्हाला काही सांगायची नाही. आम्ही विचारायचं सोडून दिलं, ती आमची चूक." फोन खिशात घालत म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत तुम्हीच फोन करा. नाही केलात, तर मी करेन."

संध्याकाळचा पब बंदरावर होता. मी सूप घेतलं, गोळीचं वेळापत्रक शीलाबाईंनी ताब्यात घेतलं होतं, पण मन लागेना. उपास तर मोडला. निदान चंद्राला हात जोडावेत, एवढंच वाटत होतं. दर दोन मिनिटांनी खिडकीकडे बघत होते, तर शेजारच्या टेबलावरचे एमरिस नावाचे म्हातारे मासेमार म्हणाले, "कुणाची वाट बघताय?"

"चंद्राची," मी म्हटलं.

त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. भरती-ओहोटीवर जन्म काढलेला माणूस! भिंतीवर टांगलेलं भरतीचं कोष्टक चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "उगवला असेल एव्हाना. पण पूर्वेला डोंगर आडवा येतो. अजून पाऊण तास धरा."

आमच्या घरच्या पंचांगात डोंगराचा हिशेब नसतो. पाऊण तासानं एमरिस स्वतः उठले, दार उघडून धरलं, म्हणाले, "चला बाई." मागून शीलाबाई, रिआन, बसमधले बाकीचे, सगळे आपापले ग्लास घेऊन धक्क्यावर. या पबचाही एक कुत्रा होता, तोसुद्धा. डोंगराच्या कडेवर आधी नुसता उजेड फुटला, मग नारिंगी, एका बाजूनं कुरतडलेला चंद्र वर आला. मी हात जोडले. मग एमरिस हळूच म्हणाले, "येखिद दा." (तब्येत चांगली राहो.) दारू पिताना म्हणतात ते. मला तो आशीर्वादच वाटला.

तिथेच उभ्या उभ्या मी फोन लावला.

"समीर, मी हरले."

"काय झाला? पडलीस?" त्याचं मराठी इथेच शिकलेलं, घाबरला की आणखी अडखळतं.

"पडले नाही, बसले." आणि सगळं सांगितलं. उपास, गोळी, दोन वर्षांची चोरी.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "तू अजून ते उपास करते? डॉक्टरला प्रॉमिस केली होती तू."

"केलं होतं."

"का पण, आई? कशासाठी?"

हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटायचं, आईला मोदक आवडतात. म्हटलं, "तू दीड वर्षाचा होतास. हे दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर. मी तुझ्या कॉटपाशी एकटी. इंग्रजी येत नव्हतं, नर्स काय सांगते ते कळत नव्हतं. मग ज्याला मराठी कळतं त्याच्याशी बोलले."

पलीकडे त्यानं नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. "मी निघतो. पाच तासांत पोचतो."

"काही नको. अजून दोन किल्ले राहिलेत."

तो रडता रडता हसला. मी म्हटलं, "परत आले की घराचं बोलू. पैज हरलेय मी, तू म्हणशील ते."

ते दोन किल्लेही पाहिले. बुरुजांवर चढले नाही. खाली हिरवळीवर बसून लाडू खाल्ले, शीलाबाईंनाही दिले. त्यांनी एक कागदात बांधून घरी नेला.

यूस्टनला समीर उभा होता. गाडीत बसलो. मी वळणावळणावर बघत होते, वॉटफर्डचा रस्ता धरतो की काय. त्यानं हॅरोचा धरला. घरी आल्यावर म्हणाला, "घर राहू दे. पण बेड खाली आणायचा. शेजारी किल्ली द्यायची. आणि खोटं नाही बोलायचं." मी तिन्हीला हो म्हटलं. या वेळी खरंच.

"आणि ते उपास," तो म्हणाला, "ते मला दे."

सासूनं सुनेकडे व्रत सोपवायची पद्धत आहे आपल्याकडे. लेकानं मागून घेतल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. "तुला जमायचं नाही रे," मी म्हटलं. "आणि करणार कोणासाठी?"

"तू कोणासाठी करत होतीस?" एवढंच म्हणाला, आणि बेड खाली आणायला वर गेला. जिन्यात मी मधेच उभी होते. भिंतीला टेकले, त्याला जाऊ दिलं.

पुढच्या संकष्टीला ऑफिसातून तो थेट हॅरोला आला. दिवसभरात दोन केळी खाल्ली होती, चेहरा एवढासा झालेला. मी गोळीच्या वेळेप्रमाणे सहाला जेवून घेतलं होतं. मोदक झाकून ठेवले होते. त्यानं फोनवर वेळ पाहिली आणि कोट घालून मागच्या बागेत गेला. म्हटलं, अरे, शेजाऱ्यांचं धुराडं आडवं येतं, अजून वीस मिनिटं धर. एमरिसनी शिकवलं ते असं कामी आलं.

पोटभर जेवलेली मी, खिडकीत कढीपत्त्याशेजारी उभी होते. आणि बाहेर थंडीत माझा लेक, उपाशी, मान वर करून.