दादानं नापास केलेली श्रीलंका

नळाला पाणी आलं होतं. आमच्या लातुरात नळाला पाणी आलं की घरातलं माणूस दुसरं काही ऐकत नाही. टाकीत पाइप सोडून मी उभी होते आणि आत ओट्यावर फोन वाजत होता. डोकावून पाहिलं तर दादाचं नाव. म्हटलं, वाजू दे. नवीन पुस्तक आलेलं असणार, आणि पहिल्या पानापासून त्यात काय काय चुकलंय ते मला उभ्या उभ्या ऐकून घ्यावं लागणार. फोन थांबला, पुन्हा वाजला. शेवटी ओल्या हातानं उचलला आणि वैतागून म्हटलं, "बोल, आता कोण नापास झालं?" पलीकडं दादा नव्हताच. त्याचा मुलगा मिलिंद होता. "आत्या," तो म्हणाला, "पप्पा दुपारी झोपले ते... उठलेच न्हाईत."

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? लातूरहून नांदेडला जाईपर्यंत एसटीत मी रडले नाही, खिडकीशी बसून मनातल्या मनात दादाशी भांडत होते. दोघा नवरा-बायकोचे पासपोर्ट काढून कपाटात ठेवलेले. वहिनीचे गुडघे दरवर्षी आणखी जड होत चाललेले. आणि हा माणूस तिला श्रीलंका न दाखवता निघून गेला. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून मी पुष्कळ मरणं पाहिली, पण अशी अर्धवट काम टाकून गेलेल्या माणसाची चीड मला पहिल्यांदाच आली.

यशवंतदादा माझा थोरला भाऊ. नांदेडला शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून घरात बायकोसुद्धा त्याला सरच म्हणायची. आणि सुलोचनावहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, आयुष्यात एकच हौस होती. बोधगयेच्या झाडाची फांदी समुद्रापलीकडं श्रीलंकेत नेऊन अनुराधपूरला लावली, ते झाड एकदा डोळ्यांनी बघायचं. साडी नको, दागिना नको, झाड. त्यांच्या विहारातली मंडळी दर हिवाळ्यात टूरबरोबर श्रीलंकेला जायची आणि परत आली की फोटो घेऊन वहिनीच्या दारात बसायची. वहिनी सगळ्यांना चहा करून द्यायची, फोटो बघायची आणि दादाकडं बघायची. दादाचं उत्तर ठरलेलं. "टूरवाल्याच्या मागं मागं मेंढरासारखं मी जाणार न्हाई. नीट पुस्तक बघू, सगळं समजून घेऊ, आपलं आपण जाऊ."

झालं. त्या नीट पुस्तकानं सगळा घोळ केला. दादा पुस्तक वाचायचा नाही, तपासायचा. हातात तोच लाल पेन, ज्यानं आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले. श्रीलंकेच्या प्रवासाची माहिती देणारं नवं पुस्तक आलं की आधी त्याच प्रकाशकाचं भारतावरचं पुस्तक मागवायचा. त्यात नांदेड काढायचा, लातूर काढायचा, आणि ते पुस्तक हातात धरून परक्या पाहुण्यासारखा स्वतःच्याच गावात फिरायचा. त्याचं म्हणणं असं की, ज्याला आपलं गाव नीट लिहिता येत नाही त्याचं अनुराधपूर खरं कशावरून मानायचं? ऐकायला बरोबर वाटतं. मलाही पहिल्यांदा बरोबरच वाटलं होतं. पण नांदेडच्या स्टेशनापासून गुरुद्वारापर्यंत "थोडंसं चालत" असं एकानं लिहिलं, म्हणून भर वैशाखात मला बरोबर घेऊन तो ते अंतर चालला तेव्हा माझं मत बदललं. घामानं निथळत त्यानं पेन काढला आणि दहा गुण कापले. दुसऱ्यानं सांगितलेल्या खानावळीच्या जागी मोबाइलचं दुकान निघालं. तिसऱ्यानं लातूरबद्दल एवढंच लिहिलं होतं की, इथं बस बदलावी. त्यावर तर दादा आठवडाभर फोनवर बोलत राहिला. मी म्हटलं, "अरे पण खरंच आहे ते. लोक बदलतात इथं बस." तर म्हणाला, "शके, तू लातूरची असून असं बोलतीस?"

एकदा असाच लातूरला आला आणि मला घेऊन गंजगोलाईत गेला. एका पुस्तकात लिहिलं होतं की, या गोल बाजारातून इतके इतके रस्ते फुटतात. तेवढे खरंच फुटतात का हे त्याला मोजायचं होतं. हातात पुस्तक, डोळ्यांवर चष्मा, कपाळाला आठ्या, आणि बोट एकेका रस्त्याकडं. मी एका भांड्याच्या दुकानाच्या सावलीत उभी. त्याचा निम्मा फेरा झाला नाही तोवर दुकानदारांनी पुढं मांडलेला माल आत ओढायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, नगरपालिकेचा साहेब अतिक्रमण बघतोय. एक चपलांचा दुकानदार हात जोडून पुढं आला. "साहेब, आज दिवस ऱ्हाऊ द्या, सणाचा माल हाय." दादानं त्याला विचारलं, "हा बोळ धरायचा की न्हाई धरायचा?" दुकानदार बिचारा म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." दादानं बोळ धरला नाही आणि पुस्तक नापास झालं. मला त्या बाजारात नंतर महिनाभर तोंड दाखवायची चोरी झाली होती. भाजीवाली विचारायची, "ताई, तुमचा भाऊ सायब हाय व्हय?"

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शंभरपैकी गुण. कुणाला बावीस, कुणाला अठ्ठावीस. पुण्याच्या एका बाईंनी मराठीत लिहिलेलं होतं, त्यात निम्म्या पानांवर पोहे आणि बरा चहा कुठं मिळतो तेच. त्याला अकरा. पास व्हायला लागतात त्या पस्तीसपर्यंत कुणी पोचलंच नाही. ग्रेसचे मार्क देणं हा प्रकार त्याला शाळेतही मान्य नव्हता. हदगावहून कुणी बाप पोरासाठी आला, "सर, दोन-तीन मार्कांनी जातंय, बघा काय होतंय का", तर हा त्याला समोर बसवून पेपर दाखवायचा. "त्यानं गोदावरी नेऊन अरबी समुद्रात सोडली. कशाचे तीन देऊ?" मग बोर्डाच्या नियमात बसत असतील तर हेडमास्तर द्यायचे, आणि दादा घरी येऊन वहिनीपुढं चरफडायचा.

एका दिवाळीत मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, "दादा, सरळ सांग, तुला जायचंच नाही. पुस्तकांना कशाला बदनाम करतोस?" त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "आईला बोधगयेला नेलतं ते इसरलीस का?" मी विसरले नव्हते. नोकरी लागल्या लागल्या त्यानं आईला बोधगयेला नेलं होतं, स्टेशनावर घेतलेल्या एका मार्गदर्शिकेच्या भरवशावर. त्यात लिहिलं होतं, देवळाजवळ धर्मशाळा आहे, कधीही जा. गेले तर धर्मशाळेला कुलूप, कधीचं लागलेलं कोण जाणे. मे महिना. दादा जागा शोधत वणवण फिरला आणि आई बोचकं घेऊन फाटकाशी उन्हात बसून राहिली. "तिचं तोंड लाल झालतं," दादा म्हणाला. "मी शिकलेला लेक, छापलेलं वाचून आईला उन्हात बसवलं. पुन्हा कुणाला असं बसवणार न्हाई."

आता यावर माणसानं काय करावं? कारण तीच गोष्ट मी आईच्या तोंडून ऐकली होती, एकदा नाही, ती जाईपर्यंत. आईच्या गोष्टीत ऊन यायचंच नाही. यायची ती शेजारच्या चहाच्या टपरीवरची बाई. तिनं आईला पत्र्याखाली नेलं, सातूचं पीठ पाण्यात कालवून पाजलं, पाय धुवायला पाणी दिलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. झाडाचं दर्शन दुसऱ्या दिवशी झालं, पण आई सांगायची ते त्या बाईचंच. मी दादाला हे सांगितलं. किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "ती आई होती, ती तसंच बोलणार." हात टेकले मी. एवढा मायाळू माणूस, आणि मायेपायीच बायकोला घरी बसवून ठेवलं.

शेवटची भेट या पावसाळ्याआधीची. निलंग्याला एका लग्नाला आला होता, जाताना माझ्याकडं मुक्काम केला. पिशवीतून एक पातळ इंग्रजी पुस्तक काढलं. श्रीलंकेवरचंच. चेहरा पडलेला. मला वाटलं, हेही गेलं. तर म्हणाला, "या लोकांनी भारतावर पुस्तकच काढलं न्हाई, शके. आता हे तपासू कशावर?" मी हसले. इतकं हसले की तोही थोडा हसला. मग मी म्हटलं, "वैनीचे गुडघे बघितलेस का? जिना चढताना भिंत धरती. दे की ग्रेस. बोर्डसुद्धा देतं." तो बराच वेळ पुस्तकाची पानं नुसती सरकवत बसला. "बघू," म्हणाला. सकाळी एसटीत बसतानाही मी खिडकीपाशी जाऊन तेच म्हटलं, आणि त्यानं हात हलवला. तो हात हो म्हणाला की जा म्हणाला, मला अजून कळलेलं नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. गेल्या आठवड्यात मी पुन्हा नांदेडला गेले. दादाच्या खोलीत कपाटाशी वहिनी खुर्ची टाकून बसली होती. कपाटात ती सगळी नापास श्रीलंका उभी, आणि टेबलावर ते पातळ पुस्तक. पहिलं पान कोरं. त्यानं गुण दिलेच नव्हते. वहिनी म्हणाली, "ताई, विहारातली मंडळी पौषात जाणार हायेत. मी नाव देऊ म्हणते. तुमी येताल का माझ्याबरुबर?" मी म्हटलं, "येते की." तिनं ड्रॉवरमधून लाल पेन काढला आणि माझ्यापुढं धरला. "मग हे तपासा. न तपासलेलं पुस्तक या घरातून भाईर गेलं न्हाई कधी."

मला हसावं की ओरडावं कळेना. नवरा गेला, तरी बाईला मार्क हवेतच. बसले मग. वाचून मराठीत सांगत गेले. वहिनी प्रश्न विचारायची, आणि तिचे प्रश्न दादानं एकदाही विचारले नव्हते. पायऱ्या किती उंच? मधी बसायला मिळतं का? बाथरूम जवळ हाय का? पुस्तकात थोडं होतं, थोडं नव्हतं. नकाशा तर असा काढलेला की उत्तर कुठं ते शोधावं लागावं. बसचं नुसतं "विचारून घ्यावं". मग एका ओळीशी आले. झाडाजवळ चपला काढाव्या लागतात, दुपारी वाळू फार तापते, पांढरे मोजे बरोबर ठेवावेत. वहिनी म्हणाली, "थांबा. पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. ती पुस्तकाकडं बघत राहिली. "ज्यानं लिहिलं त्याचे पाय पोळलेत," ती म्हणाली. "तो गेलता तिथं."

एवढं झाल्यावर माझ्या हातात पेन होता. पस्तीस द्यायला काय जात होतं? पण नकाशाचे पाच गेले, बसचे दहा गेले, बाथरूमचं अंतर नव्हतं त्याचे वेगळे, असं करता करता माझ्या हातानं पहिल्या पानावर बत्तीस लिहिलं. दादाच्याच वळणाचं बत्तीस. मी स्वतःच्याच हाताकडं बघत बसले... मग रडू आलं, इतक्या दिवसांनी, चांगलं हमसून. वहिनीनं मला रडू दिलं. मग माझ्या बोटांतून पेन काढून घेतला, टोपण उघडंच होतं, आणि बत्तीसच्या पुढं सावकाश लिहिलं, अधिक तीन.

"सर रागावतील," ती म्हणाली, आणि मोजे बघायला कपड्यांचं कपाट उघडलं.