शोभाच्या पितळेचे फोटो

अंगणवाडीत बावीस वर्षं काम केलंय मी. लेकराला नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसलेल्या किती आयांना रागावले असेन, त्याची मोजदाद नाही. ताप आहे ना, मग आधी दवाखाना... हे माझं ठरलेलं वाक्य. त्यामुळे ही हकिकत मी लिहिली हे आमच्या मेडशीत कळलं तर लोक हसतील. हसू द्या. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही दोघी बहिणी. मी मोठी, शोभा धाकटी, तिला रिसोडला दिलेली. आई गेल्यावर तिची पितळी भांडी आम्ही समोरासमोर बसून अर्धी अर्धी वाटून घेतली. एक घंगाळ तिला, एक मला. पाणी भरायचा एक गुंड तिला, एक मला. मी माझा वाटा महिन्याभरात मोडीत दिला आणि बदल्यात स्टीलचा सेट आणला. शोभीनं तिचा वाटा पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. "चिंच घासून घासून हात झिजतीन तुये," असं मी तिला तेव्हा चिडवलं होतं. ते वाक्य आठवलं की अजून जीव जळतो.

मागच्या दिवाळीत आवराआवर करताना तिनं ते पोतं खाली काढलं आणि भांड्यांचे फोटो ऑनलाइन टाकले. घंगाळ आधी गेलं. मोडीत त्याचे दीड हजारही आले नसते... पुण्याच्या एका बाईनं नऊ हजार दिले, वर कुरिअरचा खर्चही तिनंच केला.

"ताई, त्या बाईनं हॉलमदी ठेवलं म्हने ते. पानी भरून फुलं सोडते त्यात," शोभा फोनवर सांगत होती.

मी म्हटलं, "वा, चांगलं झालं." फोन ठेवला आणि त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला. साधासुधा नाही. त्यानंतर दूध तापवायचा गंज गेला, समई गेली, पानाचा डबा गेला. काठाला भोक पडलेली परातसुद्धा गेली, आणि तीही भलत्याच भावाला. विकायला टाकण्याआधी शोभा प्रत्येक फोटो मला पाठवायची. "कसा आला?" मी 'छान' लिहायची आणि मग दिवसभर तो फोटो उघडून बघत बसायची. पोरांना खिचडी वाढतानासुद्धा. हे सगळं माझ्याकडेही होतं, अगदी असंच होतं, एवढंच डोक्यात.

फेब्रुवारीत तिनं गुंडाचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी त्याच फोटोवर आलेला एका गिऱ्हाइकाचा मेसेज तिनं मला पुढे ढकलला – 'गुंडात हिरव्या साडीतल्या ताई दिसतात, त्या मालकीण का? फार मायेनं बघताहेत. विकायचं नक्की आहे ना?'

मी फोटो मोठा केला. घासून लख्ख केलेल्या गुंडाच्या पोटात शोभाचं अंगण दिसत होतं, फोन धरून वाकलेली शोभा दिसत होती. आणि तिच्या मागे मी उभी होते.

गोल भांड्यात माणूस ताणल्यासारखं दिसतं, तशीच दिसत होते. पण मीच. त्या दिवशी नेसलेली तीच हिरवी साडी, आणि उजव्या अंगठ्याला पांढरी चिंधी. आदल्या दिवशी विळीवर अंगठा कापला होता, ते मी शोभाला सांगितलंही नव्हतं. फोटो मंगळवारी दुपारी चारचा. मंगळवारी चारला मी मेडशीच्या गिरणीत ज्वारीचा डबा घेऊन नंबर लावून उभी होते. गिरणीवाला होता, दोन शेजारणी होत्या. रिसोडला जायचं तर मालेगावला गाडी बदलावी लागते... आणि दिवाळीपासून मी तिकडे फिरकलेही नव्हते.

मग मी जुने फोटो काढले. घंगाळाच्या फोटोत मी पार लांब, फाटकापाशी. गंजात ओट्याजवळ. समईत त्याहून जवळ. प्रत्येक फोटोत साडी वेगळी आणि नजर भांड्यावर. फक्त या शेवटच्या फोटोत मी भांड्याकडे बघत नव्हते, शोभाकडे बघत होते. गिऱ्हाइकाला ती माया वाटली. माझा चेहरा मला माहीत आहे... ती माया नव्हती.

त्या रात्री मी घाबरले. आईवडील गेल्यावर शोभीचं घर हेच माझं माहेर. तिला माझ्यामुळे काही झालं तर मी जायचं कुठे?

सकाळच्या पहिल्या एसटीनं रिसोड गाठलं. शोभा चहा ठेवत होती. मी फोन तिच्यापुढे धरला.

"दिसली काय तुले शेवटी?" ती म्हणाली.

"तुले माहीत होतं?"

"पह्यल्या फोटोपासून. लय घाबरली होती मी. तो फोटो ठेवून देल्ला अन् दुसरा काढला. त्यात तू नोहती. तो टाकला तं पंधरा दिवस कोनी भाव पन नाही इचारला. मंग तुयावाला टाकला. संध्याकाळलोक घंगाळ गेलं."

"काहून पन?"

"मले काय माहीत? एवढी टक लावून कोनी पाहून राह्यलं म्हनजे वस्तू भारीच असंन, असं वाटत असंन लोकाईले."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुनं पाहनं बंद केलं असतं." तिनं कपात चहा गाळला, साखर ढवळली.

मला राग यावा की रडू यावं, कळेना. मी म्हटलं, "शोभे, या फोटोत मी तुयाकडं पाहून राह्यली. तुले भेव नाही वाटत?"

तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "तू माह्याकडं कवा अशी पाह्यली नाही, ताई? मायनं मले पह्यली साडी घेतली तवापासून पाहून राह्यली. काही झालं काय मले?"

मी कप उचलला. चहा प्यायलो. यापुढे मला फोटो पाठवू नको, एवढंच मी तिला सांगितलं, आणि मनाशी ठरवलं की आता पुरे.

आणि मी पाळलं. दोन महिने तिच्या पितळेचा विचार मनात आला की उठून काहीतरी काम काढायचे. त्या गिऱ्हाइकानं पुन्हा विचारलं नाही, नवा फोटो टाकला तर दुसरंही कुणी येईना. शेवटी वैतागून शोभानं तो गुंड तिच्या जावयाच्या गाडीतून माझ्याकडे पाठवून दिला. "तूच ठेव बाई. माह्याकडून काही इकत नाही आता."

मी चिंच-मिठानं घासला. त्यावर कोरलेलं आईचं नाव अगदी स्पष्ट दिसायला लागलं. अंगणात पाटावर ठेवून समोर उभी राहिले आणि सहज एक फोटो काढला. फोटोत दोरीवरचे कपडे दिसतात, बाज दिसते, उघडं दार दिसतं. पण गुंडासमोर फोन धरून उभी असलेली मी त्यात कुठेच नाही. चार वेळा काढला, चारही वेळा तेच.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. फोनचा दोष म्हणावा तर बाकी सगळे फोटो ठीक येतात. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, पण मीठ-मोहऱ्या सांगू नका.

त्याच संध्याकाळी शोभाचा एक फोटो आला. भांड्यांच्या पैशात तिनं नवा फ्रीज घेतला होता, आरशासारख्या चकचकीत दाराचा. खाली लिहिलं होतं, 'निळी साडी कवा घेतली वं ताई? चांगली दिसते तुले.'

निळी साडी मी त्याच दिवशी सकाळी पहिल्यांदा नेसले होते. मी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. फ्रीज डबल डोअरचा होता.