गिअरबॉक्समधले वंगण

एरंडेल, चिंध्या जाळून केलेली काजळी आणि उन्हात तापलेले लाकूड यांचा मिळून एक वास होतो, आणि तो ज्याच्या बालपणात एकदा मुरला त्याच्या नाकातून पुढे कुठल्याही अत्तराने निघत नाही. आमच्या वऱ्हाडात बैलबंडीच्या आसाला जे काळेभोर वंगण लावतात, त्याचा हा वास. माघातल्या सकाळी, परसात पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, भारे रचलेले असताना, ऊन अजून कोवळे आणि काळ्या मातीचा गारवा तळपायांना बोचणारा असताना, बाबा चाक उतरवून आसापाशी उकिडवे बसत आणि दोन बोटांनी ते वंगण असे लावत की एखाद्याला वाटावे, लेकराच्या अंगाला तेल चोळणे चालले आहे. बाबा अर्धे आयुष्य मालकाच्या बंडीचे धुरकरी होते, म्हणजे बैल आणि बंडी दुसऱ्याची, हाकणारे हे. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरहून ते परतले ते मालकाच्या दारी पुन्हा न जाण्याचे ठरवूनच, आणि त्यानंतर हाकली ती स्वतःची बंडी. तिचे वंगणही ते स्वतःच शिजवीत आणि त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

मी मात्र जन्माचा अस्वस्थ माणूस. एका जागी बसलो की माझा पाय हलू लागतो, आणि पाय धरून ठेवला तर मन हलू लागते. शिकून ओव्हरसियर झालो, अकोल्याला खोली घेतली, आणि रस्ते मोजत हिंडण्याची नोकरी मिळाली तेव्हा देवदैव न मानणाऱ्या मलाही वाटले, की कुणीतरी माझा स्वभाव पाहूनच हे काम काढले असावे. त्या कामासाठी मी लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी विलायती मोटारसायकल घेतली. खाकी रंगावर खाकी रंगाचेच ठिगळ असलेली, सुरू होताना खोकणारी, पण एकदा तापली की दर्यापूरच्या सडकेवर वाऱ्याशी भांडत जाणारी. आमचे गाव त्याच सडकेच्या फाट्यावरून आत, अकोल्यापासून बंडीने एका दिवसाच्या आणि मोटारसायकलीने पाऊण तासाच्या अंतरावर.

हे पाऊण तासाचे सुख माझे एकट्याचे होते, हे कळायला मला फार वेळ लागला. मोटारसायकल घेण्याआधी मी महिन्यातून दोनदा गावाकडे येई, तेव्हा बाबा बंडी घेऊन फाट्यावर मोटारीची वाट पाहत थांबलेले असत, आणि तिथून घरापर्यंतच्या दोन कोसांत, बैलांच्या पाठींकडे पाहत, ते माझ्याशी बोलत. माय गेल्यापासून घरात ते एकटेच असत. पंधरा दिवसांचे साठलेले बोलणे त्या वाटेवर सांडत जाई. मोटारसायकल आली आणि फाटा सुटला. मी थेट अंगणात उतरू लागलो, अर्ध्या तासात जेवू लागलो, आणि बाबा "आला काय" एवढे म्हणून गोठ्याकडे वळू लागले. रागावले असते तर मी उत्तर दिले असते, पण रागावणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

मग एका रविवारी ते हातात वंगणाचे टमरेल घेऊन मोटारसायकलीपाशी आले. चारी बाजूंनी तिला पाहिले, माझ्याकडून पाना मागून घेतला, गिअरबॉक्सचे बूच काढले, आत वाकून पाहिले आणि म्हणाले, "आत चाकंच हायेत हे तं. मंग कोरडी काहून ठेवतं?" आणि दोन बोटांनी, तशाच मायेने, त्यांनी ते काळे वंगण आत भरायला सुरुवात केली.

आता कबूल करतो. मोटारसायकलीबरोबर मिळालेली फाटकी पुस्तिका मी वाचली होती. तिथे तेल घाला असे स्पष्ट लिहिले होते, आणि मी शिकलेला माणूस होतो. पण त्या क्षणी कुठली पुस्तिका आणि कुठले तेल! कित्येक महिन्यांनी बाबा माझ्याजवळ गुडघे मोडून बसले होते आणि विचारत होते, की मूर्तिजापूरकडची सडक कुठवर आली, जेवण कोण रांधते, खोलीत ढेकूण तर नाहीत. मी उत्तरे देत राहिलो. पुढे हा प्रत्येक भेटीचा रिवाजच झाला, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत माझा पाय हलत नसे, हेही मी पाहून ठेवले होते.

मोटारसायकल मात्र ऐकेना. आधी ती कण्हू लागली, मग तिसरा गिअर चढावर निसटू लागला, तेव्हा मी गिअरचा दांडा पायाने दाबून ठेवू लागलो, आणि फाल्गुनातल्या एका सकाळी, गावातून निघताना वेशीपाशीच, आतून काहीतरी चावल्यासारखा आवाज झाला आणि ती जागच्या जागी अडली. बाबांनी बैल जुंपले. चार जणांनी तिला बंडीत उचलून ठेवले, दोरांनी आवळले, आणि अकोल्याची वाट सुरू झाली. पाऊण तासाची वाट त्या दिवशी संपता संपेना. दोन्ही अंगांना उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा उभा, धुळीला भाजक्या मातीचा वास. आणि मी कधी बंडीत बसतो, कधी उतरून पुढे चालतो, कधी मागे राहून पुन्हा धावत गाठतो. सोमवारची हजेरी बुडाली होती, त्याची चिंता नव्हती. गिअरबॉक्स उघडला की आत काय दिसणार हे मला ठाऊक होते, आणि ते बाबांच्या समोर दिसणार होते. "बस ना निवांत," बाबा एकदा म्हणाले, "बैल तुह्या चालन्यानं जोरात थोडेच जाते."

मोर्णा नदीच्या पुलाअलीकडे करीम मेस्त्रींचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे टिनाचा मांडव, एक बाकडे आणि तेलाने काळी झालेली भुई. मेस्त्री साठीचे, चष्म्याची एक काडी सुतळीची. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, झाकण काढले आणि कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. आत वंगण ठासून भरलेले होते, पण जिथे जिथे गिअर फिरत तिथे तिथे त्यांच्या दातांनी त्या वंगणात आपापल्या मापाची पोकळी कोरली होती, आणि त्या पोकळीत ते महिनोन्महिने कोरडेच फिरत राहिले होते. वंगण बाजूला सरून, भिंतीसारखे उभे राहून, त्यांचे झिजणे पाहत होते. दातांच्या कडा गोल झाल्या होत्या, गिअरच्या दांड्याला आधार देणारा एक पितळी बुश पार झिजून गेला होता.

"ये क्या भरा है, भाऊ?" मेस्त्री म्हणाले. "बंडीचं वंगण? घट माल हाय, एकदा बाजूले झाला का वापस येत नाई. इथं पातळ तेल पायजे, फिरत्या दातावर सोताहून येनारं. कोनं भरलं हे?"

बाबा बाकड्यावर बसले होते, माझ्यापासून दोन हातांवर. त्यांनी तोंड उघडले असावे असे मला आज वाटते. पण मी माझ्या घाईत होतो. "मीच," मी म्हणालो. "मीच भरले."

मग मेस्त्रींनी माझी यथेच्छ हजेरी घेतली. शिकलेल्या माणसांना अक्कल असतेच असे नाही, हे त्यांनी हिंदीत आणि वऱ्हाडीत दोन्हीकडून समजावले. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनातून चक्क सुखावलो होतो, कारण बाबा वाचले होते. मी बाकड्याकडे पाहिले तेव्हा ते तिथे नव्हते. पुलाखाली जाऊन बैलांना पाणी दाखवत होते. त्यांनी तिथूनच हात केला आणि ते निघून गेले. बैल दमलेले असतानाही ते मुक्कामाला थांबले नाहीत, याचे मला तेव्हा जरासे नवल वाटले.

पुढचे आठ-दहा दिवस कसे काढले ते सांगता येत नाही. नवे गिअर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मेस्त्री म्हणाले, अमरावतीला भंगारात अशाच एका मोटारसायकलीचा सांगाडा पडला आहे असे ऐकले आहे. मी बडनेऱ्याची गाडी पकडली. डब्यात सगळे पेंगत होते आणि मी दारात उभा राहून एकेक स्टेशन मनाने पुढे ढकलत होतो. अमरावतीच्या इतवारा बाजारात दोन दिवस भंगाराच्या ढिगांतून हिंडलो, हात गंजाने लाल झाले, आणि अखेर तो गिअरबॉक्स पोत्यात घालून, मांडीवर घेऊन परत आलो. त्याचेही अर्धे दात गेलेलेच होते. पण मेस्त्रींनी दोन्ही गिअरबॉक्स फडक्यावर शेजारी शेजारी मांडले, प्रत्येक चाक रॉकेलने धुऊन बोटाने चाचपले, यातले हे, त्यातले ते, असे करत दोन मेलेल्यांतून एक जिवंत केला. बुश त्यांनी लेथवर नवा कातून घेतला. शेवटी पातळ, मधासारखे सोनेरी तेल आत गेले, आणि तिसरा गिअर पडला तो जागच्या जागी, निसटण्याचे नाव न घेता.

त्या रविवारी मी गावात शिरलो तेव्हा मोटारसायकल इतकी मुकाट चालत होती की ती दारात येऊन थांबेपर्यंत बाबांना कळले नाही. "आला काय," ते म्हणाले आणि गोठ्याकडे वळले. टमरेल आणले नाही. पुढच्या खेपेसही नाही. मोटारसायकल अंगणात उभी असे आणि ते तिला वळसा घालून, हात पाठीमागे बांधून जात, जसे परक्याच्या जनावराला वळसा घालतात. गिअरबॉक्स दुरुस्त झाला होता आणि माझ्या रविवारांचे दात झिजून गेले होते. मला वाटले, चूक कळली म्हणून ते लाजले असतील, आणि त्यावर एक तोडगा मी तिसऱ्या खेपेला रस्ताभर घडवत आलो.

"बाबा," मी म्हणालो, "गिअरबॉक्सले नाही, पन साखळीले वंगण लागते म्हनते. तुमी लावून द्या ना."

ते आले. साखळीपाशी बसले, तिला बोटाने किंचित उचलून पाहिले, मग सडकेकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "हे उघडी हाय. वंगणावर धूळ बसन, अन् धूळ हिले खाऊन टाकन. आसाले आवरण असते, हिले काय हाय? येवढं तुले समजते, अन् मलेबी समजते."

मेस्त्रींनी मला अगदी हेच सांगितले होते.

"त्या दिशी मेस्त्रीसमोर तू खोटं काहून बोलला?"

"तुमाले वाईट वाटू नये म्हणून," मी म्हणालो.

बाबांनी साखळी खाली सोडली. आवाज चढवला नाही. "जलमभर मालकाची चूक माह्या नावावर लागली. बैल लंगडला तं माहा हात, कापूस भिजला तं माहा हात. म्या आयकून घेतलं. हे एक चूक माही सोताची होती. माह्या हातानं केली, माह्या मनानं केली. तेबी तू घेऊन घेतली?"

मला राग आला, लाज वाटली, रडू आले, आणि पहिल्यांदा काय आले ते आजही नीट सांगता येत नाही. बाबा उठले, कोपरीवर सदरा चढवला, मागच्या कॅरिअरवर पोते दुमडून ठेवले आणि म्हणाले, "चाल. अकोल्याले."

ते माझ्या मागे प्रथमच बसले होते. मी किती वेगाने गेलो, ऊन कुठे होते, पऱ्हाटीचे ढीग उचलले होते की नव्हते, काही आठवत नाही. फक्त गिअर बदलताना माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट होई, हे आठवते. मेस्त्री बाकड्यावर पान लावत होते. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि कपाळावरचा घामही न पुसता म्हणाले, "ते वंगण म्या भरलं होतं. पोऱ्यानं नाई."

मेस्त्रींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "अच्छा," ते म्हणाले. "बसा." आणि मग, अर्धे पान बाबांपुढे धरत, "पर एक बात बताओ. वंगण तुमचं उमदा होतं. इतक्या गर्मीत पाघळलं नाई. काय टाकता त्याच्यात?"

बाबा बसले. एरंडेल किती तापवावे, चिंध्या सुतीच का हव्यात, काजळी कोणत्या क्षणी घालावी, हे ते सांगू लागले. मला त्यांनी हे कधी सांगितले नव्हते आणि मी कधी विचारलेही नव्हते. मेस्त्री मध्ये मध्ये हूं म्हणत होते, मग त्यांनी जुन्या गिअरबॉक्समधले एक झिजलेले चाक काढून बाबांच्या हातात दिले, आणि बाबा त्याच्या बोथट दातांवरून अंगठा फिरवत, दात कसे गेले ते जाणत्यासारखे विचारू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. ज्या प्रसंगापासून मी बाबांना इतक्या धडपडीने वाचवले होते तो हाच होता.

मी टिनाच्या मांडवाबाहेर, तापलेल्या मोटारसायकलीपाशी उभा होतो. माझा पाय हलू लागला होता. बाकड्यावर तिसऱ्या माणसापुरती जागा होती. पण मला कुणी बोलावले नव्हते, आणि आपण होऊन जाऊन बसावे की नाही, हे मला ठरवता येईना.