सहा शेळ्यांची फिर्याद

भूम तालुक्यात नेमणूक असताना तपासलेली सहा शेळ्यांची चोरी मी अजून विसरलेलो नाही. खून-दरोडे पुष्कळ पाहिले; पण कोणतं काम मनापासून केलं असं कुणी विचारलं, तर मी हीच केस सांगतो.

तिथल्या एका गावात पाच-सहा निवृत्त शिक्षक आणि कारकून मिळून एक छोटी संस्था चालवत. पगार कुणालाच नाही. ज्या घरात दोन वेळ चूल पेटत नाही, तिथल्या बाईला ते एक शेळी देत. अट एकच. शेळीला होणारी पहिली पाट, म्हणजे मादी करडू, तिनं यादीतल्या पुढच्या बाईला द्यायची.

एका दुपारी तिथल्या सहा बायका ठाण्यात आल्या. त्या खुरपणीला गेल्या असताना सामाईक गोठ्यातून सहाही शेळ्या कुणीतरी नेल्या होत्या. पुढं पन्नाशीची एक विधवा होती, तिला सगळ्या मावशी म्हणत. हवालदारानं साधा अर्ज लिहून द्यायला सांगितला. ती थेट माझ्या टेबलापाशी आली.

"अर्ज न्हाय साहेब, गुन्हा नोंदवा. शेळ्या काय आमच्या एकट्याच्या न्हाईत. आमच्या मागं यादीत लई बाया हायेत."

मी फिर्याद घेतली. आठवडी बाजारातल्या ओळखीच्या चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं. स्वतः वाढवलेलं जनावर माणूस घासाघीस केल्याशिवाय विकत नाही, हा माझा अनुभव. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"साहेब, एकजण सहा शेळ्या घेऊन उभाय. मिळंल त्या भावात द्यायला तयार हाय."

त्याला शेळ्यांसकट ठाण्यात आणलं. माणूस त्याच गावचा निघाला. "माझ्याच हायेत," एवढंच तो घोकत राहिला. शेळ्यांवर खूण नव्हती, कागद नव्हता. मी आवाज चढवला नाही. शेवटी विचारलं, "यातली गाभण कोणती?" त्यानं मोठ्या पोटाच्या काळीकडं बोट दाखवलं. मग मावशीला वेगळं बोलावून तोच प्रश्न केला.

"काळी नुसती खादाड हाय. गाभण ती पांढऱ्या ठिपक्यांची बांडी. दोन दिसांत व्यायंल."

दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या आवारात बांडी व्यायली. पाट झाली. ते पाहून त्यानं चोरी कबूल केली.

"बायकांचं हे किती दिवस टिकणार? मोडायच्या आत आपला वाटा घ्यावा म्हटलं."

कोर्टाच्या हुकमानं शेळ्या बायकांच्या ताब्यात दिल्या. तेव्हा नवाच पेच उभा राहिला. बांडीची ही पहिली पाट, आणि यादीत पुढचं नाव चोराच्याच बायकोचं होतं. ती तीन लेकरं घेऊन फाटकाबाहेर मान खाली घालून उभी होती.

"चोराच्या घरात पाट द्यायची व्हय?" एकजण म्हणाली.

मावशीनं तिला तिथंच थांबवलं. "चोरी त्यानं केली, लेकरांनी न्हाय. आज नंबर मोडला, तर तो बोलला तेच खरं होतंय."

पण खटला संपेपर्यंत मुद्देमाल दुसऱ्याला देता येत नाही. मावशी काही ऐकेना. मी पुन्हा कोर्टात अहवाल दिला, ती स्वतः न्यायाधीशांपुढं उभी राहिली आणि परवानगी घेऊनच परतली. पाट चरायला लागल्यावर त्या बाईच्या दारात बांधली गेली.

त्याला शिक्षा झाली. तो सुटून आला तेव्हा त्याच्या घरात लेकरांपुरतं दूध होतं आणि त्याच्या बायकोनं आपल्याकडची पहिली पाट पुढच्या घरी पोचवलेली होती.

चोर धरला, माल मिळाला की तपास संपला, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो होतो. गुन्ह्यानं माणसांचा एकमेकांवरचा विश्वासही जातो, आणि तो परत आणणं आम्हा पोलिसांच्या हातात नसतं. तिथं तो सहा गरीब बायकांनी आणला. मी फक्त कागद पुढं सरकवले.