निशाणावरची गळालेली चित्रं

बैलगाडी शर्यतीच्या मैदानात माझं काम एवढंच, की निशाणावर, म्हणजे शर्यत संपते त्या रेषेवर, कॅमेरा लावायचा, शर्यत लोकांच्या मोबाइलवर थेट दाखवायची आणि दोन गाड्या बरोबरीनं आल्या की कमिटीला एकेक चित्र थांबवून दाखवायचं. पूर्वी निकाल नुसत्या डोळ्यांनी द्यायचे, तेव्हा काठ्या निघायच्या. कॅमेरा आला आणि भांडणं संपली. "क्यामेरा सांगंल त्येच खरं," असं माइकवरून पुकारलं जायचं तेव्हा मी टेबलामागे ताठ बसायचो. कॅमेरा म्हणजे मीच, असं मला वाटायला लागलं होतं.

त्या मैदानाच्या आदल्या दुपारी, मलकापुरातल्या माझ्या दुकानात, मी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केला. कॉम्प्युटरला हे कार्ड कसं वापरायचं ते सांगणारी ती फाइल. जुनी उत्तम चालली होती. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात नवीन आल्याची खूण दिसली आणि हात शिवशिवले. सुखाचा जीव दुःखात घालायची मला पहिल्यापासून खोड आहे.

सकाळी फलटणच्या अलीकडे माळावर मांडव टाकून कॉम्प्युटर सुरू केला, तर ग्राफिक्स कार्डानं एन्कोडिंग करायचा पर्याय पुसट झालेला. दाबला तरी दबेना. कॅमेऱ्यातून येणारी चित्रं आवळून पुढं पाठवायचं काम हे कार्ड करतं. ते नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर. लग्नातल्या सगळ्या पोळ्या एकाच बाईला लाटायला लावाव्यात, तसं. मी मशीन बंद-चालू केलं, वायरी काढून घातल्या, नवा ड्रायव्हर परत टाकला. जुना डाउनलोड करायला गेलो तर माळावर जमलेल्या हजारो मोबाइलांनी रेंज खाऊन टाकलेली, प्रक्षेपणापुरतीच कशीबशी उरलेली. पट्टी सरकेना. तिकडे पहिल्या गटाची नावं पुकारली जात होती.

शेवटी काम प्रोसेसरवर टाकलं. खाली लाल अक्षरं यायला लागली, चित्रं गळतायत म्हणून. रेकॉर्डिंगही त्याच एन्कोडिंगमधून होत होतं, म्हणजे थेट प्रक्षेपणात जे गळेल ते माझ्याकडेही राहणार नव्हतं. कमिटीचा एक जण येऊन विचारून गेला, "चालू हाय न्हवं?" मी म्हटलं, "व्हय, चालू हाय." पुढचं काही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या मैदानाला दुसरा कॅमेरावाला आला असता, एवढीच माझी भीती.

गटाच्या फेऱ्या संपल्यावर एक म्हातारा माझ्या मांडवाच्या सावलीला येऊन बसला. कवठे महांकाळकडचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली. जोडीतला एक खिलार बैल त्याचा, दुसरा पाहुण्यांचा. मी पाण्याची बाटली पुढं केली. घोटभर पिऊन तो म्हणाला, "पोरं म्हणत्यात, औंदा फायनल गाठली तर ऱ्हाऊ दे, न्हाईतर इकून टाकू. आय मेली तवा बाटलीनं दूध पाजलंय म्या त्याला. आता कसं इकू?" मी म्हटलं, "गाठंल की मामा." लोकांना धीर द्यायला मला काही लागत नाही.

सेमीला त्याची गाडी आणि फलटणकडची एक गाडी निशाणावर एकदमच आल्या. पंचानं हात वर केले, त्याला सांगता येईना. सगळी कमिटी माझ्या टेबलाभोवती गोळा झाली. मी मागं घेतलं, एकेक चित्र पुढं ढकलत निशाणापाशी आलो. एका चित्रात दोन्ही गाड्या रेषेच्या वीतभर अलीकडे, फलटणची बोटभर पुढं. त्याच्या पुढच्या चित्रात दोन्ही रेषा ओलांडून गेलेल्या, आणि तिथं म्हाताऱ्याचा बैल पुढं. मधली चित्रं नव्हतीच. गळाली होती. रेषेवर कोण आधी आलं हे माझ्या मशीनमध्ये कुठंच नव्हतं.

पण पुढचं चित्र कमिटीच्या ध्यानात यायच्या आत मी मागं आलो होतो. "परत पळवा, माझ्याकडून चित्रं गेलीत," एवढं म्हणायचं होतं. मी पहिल्याच चित्रावर थांबलो आणि फलटणच्या बैलाच्या नाकावर बोट ठेवलं. कुणी वाद घातला नाही. म्हाताऱ्यानंही नाही. त्यानं बैलाचं कपाळ पुसलं आणि जू काढायला वाकला.

दुसऱ्या दिवशी दुकानात नवा ड्रायव्हर मुळासकट काढला, जुना घातला, मशीन परत सुरू केलं. पुसट पर्याय ठळक झाला. तपासायला तासभर चित्रण चालवलं, एकही चित्र गळालं नाही. ड्रायव्हर बदलायचं काम चहा निवेपर्यंत झालेलं. माझी मलाच इतकी किळस आली की शटर ओढून आत बसून राहिलो.

महिन्यानं म्हातारा दुकानात आला. मला वाटलं, आता गचांडी धरणार. त्यानं खिशातून मोबाइल काढला. "बैल इकला, पावनं. त्यो पळताना तेवढं घालून द्या ह्यात." मी त्याला स्टुलावर बसवलं, सेमीची शर्यत काढली आणि रेषेच्या अलीकडे कापली. कार्डानं काही सेकंदांत काम उरकलं.

त्यानं तिथंच बसून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा लावताना डोळे न उचलता म्हणाला, "आवं, तुमी लय बैलं बघता. शेवटाला दमला हुता का वो त्यो? मला तर वाटत हुतं, अजून हाय त्याच्यात."

अजूनही सांगता आलं असतं. बैल कुणाला विकला, कुठं आहे, एवढं तरी विचारता आलं असतं.

"व्हय मामा," मी म्हणालो. "जरा दमल्यागत दिसतोय."

त्यानं मान हलवली. "मग पोरांचंच बरोबर," असं म्हणून मोबाइल खिशात घातला आणि स्टँडकडे चालायला लागला.